सोयादूध उकळल्याने फाटत नाही

मा. संपादक,
स. न.

बचत गटांच्या सोयापनीर प्रशिक्षणात एक वाक्य हटकून ऐकू येते : ‘उष्णतेने प्रथिनाचे हायड्रोजन बंध तुटतात, म्हणून दूध फाटते.’ (हायड्रोजन बंध म्हणजे हायड्रोजनमार्फत जुळणारी कमजोर पकड.) हे अर्धेच खरे. तसे असते तर उकळी येताच सोयादूध फाटले असते. प्रत्यक्षात १० मिनिटे खळखळ उकळले तरी नुसता फेस वर येतो. (आणि उकळायला हवेच, कच्च्या सोयाबीनमधला ट्रिप्सिन-रोधक, म्हणजे प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारा घटक, त्याशिवाय मोडत नाही.)

उष्णतेने प्रथिनाची घडी उलगडते. आत दडलेल्या ल्युसीन, व्हॅलीन, फेनिलअलानीन या अमिनो आम्लांच्या (प्रथिनाच्या घटकांच्या) बाजूच्या साखळ्या उघड्या पडतात. त्यांचे पाण्याशी हायड्रोजन बंध होत नाहीत, त्या एकमेकींनाच चिकटू पाहतात. पण सोयाबीनमध्ये ग्लुटामिक आणि अ‍ॅस्पार्टिक आम्लही भरपूर. दुधाचा सामू (पीएच; आंबटपणा वाढला की हा आकडा उतरतो) ६.६ च्या आसपास असेतो त्यांच्या साखळ्यांवर ऋणभार असतो आणि पाण्याचे रेणू आपला हायड्रोजन त्यांच्याकडे करून त्यांना धरून बसतात. एकेक बंध कमजोरच, पण असतात ढीगभर. शिवाय सारख्या भारामुळे कण एकमेकांना लोटतात. लिंबाचा रस पडून सामू ४.५ कडे उतरला की भारांची बेरीज शून्यावर येते, पाण्याची पकड ढिली होते आणि मग दूध फाटते.

आपल्याकडच्या बहुतेक फजित्या इथूनच. मे महिन्यात सोयाबीन रात्रभर भिजवले तर ते आंबते, सामू आधीच उतरतो आणि दूध गंजातच फाटते. दोष मात्र जाळाला. उन्हाळ्यात ५-६ तास पुरे, थंडीत १२. बोअरचे जड पाणीही घातकच : त्यातले कॅल्शियम दोन साखळ्यांना एकत्र बांधते आणि दुधात कणी धरते. तुरीची डाळ ज्या पाण्यात शिजत नाही, ते दळायला घेऊ नये. १ किलो सोयाबीनला ७-८ लिटर मऊ पाणी लागते.

पनीरसाठी मात्र हेच कॅल्शियम मोजून घालून दूध मुद्दाम फाडायचे. उकळलेले दूध गाळून ८० अंश सेल्सिअसवर येऊ द्यावे. १ किलो सोयाबीनमागे खाद्य दर्जाचे कॅल्शियम सल्फेट २०-३० ग्रॅम, कपभर पाण्यात कालवून, दोन-तीन वेळा करून ओतावे. हलके ढवळून १५ मिनिटे हात लावू नये. उकळत्या दुधात ओतले तर गुठळ्या झपाट्याने आवळतात, पनीर रबरासारखे होते. निवळी पिवळसर नितळ आली तर प्रमाण बरोबर, दुधाळ राहिली तर कमी पडले. हार्डवेअरच्या दुकानातले प्लास्टर ऑफ पॅरिस हेही कॅल्शियम सल्फेटच, पण खाद्य दर्जाचे नव्हे; ते मात्र यासाठी कोणी आणू नये.

– एक रसायनशास्त्र शिक्षक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ