न्हाणीघरातल्या दांडीविषयी

कोलंबस, ओहायो

तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

रविवारी साऱ्या बातम्या सांगून झाल्यावर, फोन ठेवता ठेवता, आईने न्हाणीघरातली टॉवेलची दांडी पुन्हा निखळल्याचे सांगितले. या खेपेला टाइलचा टवकाही सोबत आला म्हणे. "काही नाही, काड्या खोचून बसवतो," असे तुम्ही मागून म्हणालात, तेही मला ऐकू आले. दांडी पडण्याची ही तिसरी वेळ आहे. फोनवर मापे आणि कारणे नीट सांगून होत नाहीत, आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेले तुम्ही वाचता खरे, पण जपून ठेवता ते कागदच. म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडचीही दांडी पडली, तेव्हा हे सारे मी स्वतः शिकले. इथल्या घरांच्या भिंती म्हणजे लाकडाचा सांगाडा आणि त्यावर अर्ध्या इंचाचा जिप्समचा बोर्ड. सांगाड्यातल्या उभ्या पट्ट्या सोळा सोळा इंचांवर असतात आणि मधे नुसती पोकळी. आमची दांडी त्या बोर्डातच अडकवलेली होती. टॉवेलपुरते ते चालले, पण धाकटा एकदा तिला लोंबकळला आणि भिंतीला मूठभर भोक पडले. पट्ट्या बोर्डाआड दिसत नाहीत, म्हणून मी भिंतीवरून लोहचुंबक फिरवून बोर्डाचे स्क्रू शोधले, त्यांच्या ओळीवरून पट्ट्या कुठे आहेत ते ओळखले, तीन फुटांची एक फळी दोन पट्ट्यांत पक्की ठोकली, आणि दांडी त्या फळीवर बसवली. ती फळी कुरूप दिसते असे तुमच्या जावयांचे मत आहे, पण दांडी हललेली नाही.

तुमची भिंत याहून कितीतरी चांगली आहे. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आपल्या त्या जुन्या घराच्या विटा अजून खणखणीत आहेत. दोष विटेचा नाही, स्क्रू विटेपर्यंत पोचतच नाही हा आहे. टाइलची जाडी सात-आठ मिलिमीटर, तिच्यामागे सिमेंटचा थर आणि जुना गिलावा मिळून आणखी वीस-पंचवीस, असा हिशेब केला तर विटेला हात लागायलाच तीस-पस्तीस मिलिमीटर आत जावे लागते. दांडीच्या खोक्यात मिळणारे स्क्रू जेमतेम तेवढेच लांब असतात. म्हणजे आजवर ती दांडी टाइल आणि गिलाव्याच्या भरवशावर होती, आणि गिलावा ओढ सहन करीत नाही, भुगा होऊन बाहेर येतो. तुमच्या काड्या सुरुवातीला घट्ट बसतात, कारण लाकूड ओलाव्याने फुगते. पण उन्हाळ्यात तेच आक्रसते, आणि दर खेपेला भोक थोडे मोठे होते. वरून पांढरे सिमेंट लिंपल्याने ते फक्त झाकले जाते.

आजोबांना मात्र काड्या खोचणे मुळीच पटले नसते. कलाभवनाच्या तंत्रशाळेत शिकलेला माणूस! भिंतीत खिळा ठोकायचा तर ते आधी छिन्नीने चौकोनी खाच पाडून तीत सागवानी गुटका ठोकून बसवत, हे मला आठवते. त्या गुटक्याचे काम करणारे तंतूंचे प्लग इंग्लंडमध्ये रॉलिंग्ज नावाच्या माणसाने १९११ च्या सुमारास काढले, म्हणून अजूनही काही दुकानदार त्याला रावळप्लग म्हणतात. आणि आजचा नायलॉनचा फुगणारा प्लग जर्मनीतल्या आर्टुर फिशर यांनी १९५८ साली केला. रावपुऱ्यातल्या दुकानात मात्र तुम्ही गिट्टी म्हणूनच मागा, आणि ती आखूड न घेता निदान ५० मिलिमीटरची घ्या. तिच्यासोबतचा स्क्रू टाइल, गिलावा आणि अख्खी गिट्टी ओलांडेल इतका, म्हणजे ८० मिलिमीटरच्या आसपास हवा, आणि तो स्टेनलेस स्टीलचा हवा. साधा स्क्रू न्हाणीघरात गंजतो आणि त्याचे ओघळ टाइलवर कायमचे राहतात.

भोक पाडण्याचे काम तुम्ही स्टुलावर चढून करू नये, ही विनंती आहे. दिवाळीला बापूकाका पुण्याहून ड्रिल मशीन घेऊन येणारच आहेत. त्यांनाही या पत्राची प्रत पाठवते. तुम्ही शेजारी उभे राहून सूचना द्याव्यात, ते तुम्हाला आवडेलही. पहिली गोष्ट म्हणजे गीझर मुख्य बटणावर बंद करावा आणि नळकाम केले तेव्हा तुम्ही वहीत काढलेला पाइपांचा आराखडा पाहावा. नळाच्या आणि शॉवरच्या सरळ वरखाली भोक घेऊच नये. मग नाण्याने टाइल वाजवून पाहावी. बद्द आवाज आला तर मागे पोकळी आहे, तिथे ती तडकेल. टाइलच्या कडेपासूनही दोन बोटे दूरच राहावे. खुणेवर चिकटपट्टी लावली म्हणजे टोक घसरत नाही. मशीनचा हॅमर, म्हणजे ठोके देण्याची सोय, आधी बंद ठेवून टाइलच्या टोकदार बिटने सावकाश टाइल पार करावी, आणि मग बिट बदलून हॅमर सुरू करावा. काकांना उलटे करायची घाई असते, एवढे लक्षात ठेवा. आत जाताना भुग्याचा रंग पाहावा: राखाडी-पांढरा असेपर्यंत सिमेंट आणि गिलावा, लाल झाला की वीट लागली. लाल येऊन मधेच पुन्हा पांढरा आला आणि मशीन एकदम आत गेले, तर ते विटांच्या सांध्यात आहे. ते भोक सोडून थोडे बाजूला घ्यावे. भोकातला भुगा सायकलच्या पंपाने उडवावा, आणि गिट्टी टाइलच्या पलीकडे, पूर्ण विटेत जाईल अशी ठोकावी, कारण ती टाइलमध्येच फुगली तर टाइल फुटते.

आता ज्यासाठी खरे तर हे पत्र लिहिले, ते सांगते. रागावू नका. आईने दबक्या आवाजात सांगितले की आंघोळीनंतर स्टुलावरून उठताना तुम्ही दांडीला धरता. ओला टॉवेल दीड-दोन किलोचा. त्याच्यासाठी केलेली वस्तू माणसाचा भार घेण्याकरता केलेली नसते, मग ती कितीही खोल बसवली तरी तिची पोकळ नळी वाकते किंवा कोपऱ्यातल्या पकडीतून सुटते. इथे १९९० च्या अपंगांसाठीच्या कायद्यानुसार सार्वजनिक स्वच्छतागृहांत जे आधाराचे दांडे लावतात, त्यांनी २५० पौंड, म्हणजे सुमारे ११३ किलो भार सोसलाच पाहिजे असा नियम आहे. दांडा सव्वा ते दोन इंच जाड, जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर, आणि भिंतीपासून दीड इंच सुटा, म्हणजे मूठ मावते पण हात कोपरापर्यंत आत शिरून अडकत नाही. असे दांडे ग्रॅब बार या नावाने तुमच्याकडेही मिळतात. दोन्ही टोकांना तीन-तीन स्क्रू असलेला, भरीव पकडीचा घ्या. रबरी चकतीने टाइलला चिकटणारा दुकानदाराने कितीही वाखाणला तरी घेऊ नका.

म्हणून माझे म्हणणे असे की टॉवेलची दांडी तिथून काढून दाराकडच्या भिंतीवर न्यावी, जिथे उठताना हात पोचणारच नाही, आणि तिच्या जागी हा आधाराचा दांडा लावावा. टवका उडालेली टाइल त्याच्याआड झाकली गेली तर उत्तम, मात्र स्क्रू त्या टाइलमध्ये येऊ देऊ नये. उंची मात्र मी इथून ठरवणार नाही, आणि इथल्या नियमावरूनही ठरवू नये. तो उभ्या-बसत्या परक्या माणसांसाठी आहे. तुम्ही कोरड्या न्हाणीघरात, कपड्यांनिशी, नेहमीच्या स्टुलावर बसा, डोळे मिटून उठायला लागा, आणि हात भिंतीवर आपोआप जिथे टेकेल तिथे आईला पेन्सिलने खूण करू द्या. मग तिने टेपने जमिनीपासूनचे आणि कोपऱ्यापासूनचे अंतर मोजून मला कळवावे. तोवर टॉवेल दारामागच्या खुंटीवर टाकावा, आणि उठताना आईला हाक मारावी.

सौ. आईस नमस्कार. तिने हे मला सांगितले म्हणून तिच्यावर चिडू नये.

तुमची लेक