साहेब, एकदा जुलैत आमच्या अंडरपासखाली या

मा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री साहेब,
नमस्कार.

मी मूर्तिजापूरकडचा कास्तकार. साडेपाच एकर वावर होतं, त्यातलं पाऊण एकर हायवेत गेलं. नंबर बदलून 53 झाला त्याला कितीक वर्षं झाली पण आमच्याकडं अजून 'सहा नंबर'च म्हणतात. हे पत्र मोबदल्यासाठी नाही बरं का, तो मिळाला, पोरीचं लग्न झालं, उरल्यात बोअर मारला तर खारं पाणी लागलं. खारपाणपट्टा आहे आमचा, त्यात तुमचा काही दोष नाही.

जून 2022 मध्ये लोणी ते माना डांबर टाकायचा तो रेकॉर्ड झाला तेव्हा आमची पोरं रात्री मोबाईल घेऊन रोडवर जाऊन बसायची, सगळीकडं लाइट, गरम डांबराचा वास, पेव्हरच्या मागं रोलर आणि त्याच्या मागं पुन्हा रोलर. 3 तारखेला सकाळी सुरू केलं ते 7 तारखेला संध्याकाळी 5 वाजता संपवलं, 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर, गिनीजमध्ये नाव गेलं. आधीचा रेकॉर्ड दोहाचा होता, 25 किलोमीटरचा, त्याला त्यांना दहा दिवस लागले होते. आता ते 75 म्हणजे एका लेनचे, दोन लेन धरल्या तर साडेसदतीसच होतात, पण तरी काय कमी आहे का, मी पण स्टेटस ठेवलं होतं.

फक्त त्या पाच दिवसांच्या आधीची वर्षं कोणी घड्याळ लावून मोजली नाहीत. आधीचा ठेकेदार काम अर्धवट टाकून गेला, रोडच्या कडंचे जुने कडुनिंब तोवर लाल नंबर टाकून कापून झाले होते, मग नवीन टेंडर होईपर्यंत आम्ही खड्डे आणि डायव्हर्जनमध्ये दिवस काढले. रोडच्या कडेच्या पऱ्हाटीवर इतकी धूळ बसायची की वेचलेला कापूस बघून व्यापारी म्हणे, भाऊ हा मातीतून वेचला का? क्विंटलमागं भाव तोडायचा तो वेगळाच.

झालं गेलं, ते सोडा. मला बोलायचं आहे ते आमच्या पांदणीबद्दल.

गावातून निघून हायवे ओलांडून पलीकडच्या वावरात जाणारी आमची पांदण आहे, आजोबाच्या आधीपासूनची. कागदावर ती रस्ता आहे, पण काळ्या मातीच्या मुलखात पावसाळ्यात पांदण म्हणजे नालाच असते, वरच्या शिवारातलं सगळं पाणी तिच्यातूनच उतरते, हे आमच्याकडं शेंबडं पोरगं पण सांगते. ड्रॉइंग करणाऱ्यांनी नकाशावर नाला जिथं दिसला तिथं पाइपाची मोरी टाकली आणि पांदणीवर दिला अंडरपास. रोडचा भराव माणसापेक्षा उंच, पाणी अडलं, आणि पाण्याला सगळ्यात खालचं भोक सापडलं ते अंडरपासचं. जुलैत तिथं मांडीभर पाणी असते. मोरी दोनशे पावलांवर, कोरडी, तिच्यात कुत्रे झोपतात.

मग डवरणीला, म्हणजे पिकाच्या ओळींत डवरा हाकायला, बैल घेऊन जायचं कसं? तर उलट्या बाजूनं, रॉंग साइड. दुभाजकातून वळायचा पुढचा कट लांब आहे, बंडीनं तिथवर जाऊन परत यायचं म्हणजे तास जातो, आणि ट्रक शंभरनं येतात. आमच्या घरची म्हातारी मोटरसायकलवर बसली की डोळे मिटून घेते. रॉंग साइडची पावती फाडतात ते बरोबरच आहे, फाडा, पण पाण्यातून बैल पोहवायचे का ते पण सांगा.

आता प्लॅनिंगचं. कायद्यानं हरकत घ्यायला 21 दिवस असतात, जाहिरात दोन पेपरात येते, त्यातला एक मराठी. मी ती कापून ठेवली आहे अजून. तिच्यात माझा गट नंबर आहे, क्षेत्र आहे. अंडरपास कुठं, मोरी किती फुटाची, पांदणीचं काय, यातलं एक अक्षर नाही. म्हणजे जमीन देता का यावर हरकत घ्या, पण रोड गावाला कसा बसणार यावर बोलायला जागाच नाही. मोजणीवाले आले ते मे महिन्यात, तेव्हा पाणी कुठून दिसणार त्यांना.

आणि विचारलं की काम चांगलं होते हे तुम्हीच दाखवलं ना. बुलडाण्याकडं तलाव-नाले खोल करून तोच मुरूम, तीच माती हायवेच्या भरावात टाकली, रोडला माल मिळाला, गावाला पाणी. वणी-वरोऱ्याच्या रोडवर तर तुम्ही रोडच्या कडंला गाडी अडवायचं क्रॅश बॅरिअर बांबूचं लावलं, आम्हाला आधी हसू आलं होतं. इतकं डोकं चालते तर एक साधी गोष्ट करा. कुठल्याही नव्या हायवेची जाहिरात निघायच्या आधी त्याचं ड्रॉइंग ग्रामपंचायतीत लावा, अंडरपास आणि मोऱ्या जिथं येणार तिथं वावरात चुना मारा, आणि ग्रामसभा पावसाळ्यात घ्या. दोन म्हातारे सोबत घेतले की पाणी कुठून येते ते चालत चालत दाखवतील, त्याला सॅटेलाइट लागत नाही.

आमच्यासाठी मागणं एवढंच की अंडरपासपासून त्या कोरड्या मोरीपर्यंत पक्की नाली काढा आणि पांदणीपासून पुढच्या कटपर्यंत सर्व्हिस रोड जोडा. अर्ज दोनदा दिला, पोच आहे माझ्याकडं.

कधी नागपूर-अकोला जाणं झालं तर थांबा. जुलैतच या पण, मे मध्ये सगळं चकाचक दिसते. गमबूट माझ्याकडं दोन जोड आहेत, नऊ नंबर आणि दहा नंबर.

आपला,
सहा नंबरच्या कडंचा एक कास्तकार