आजीला सांगा, मारामारी नव्हती

लंडन

तीर्थरूप आबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

नाताळच्या फोटोखाली मी 'मस्त पंच!' लिहिलं आणि आजीला वाटलं, मला कुणीतरी ठोसा लगावला. तिला सांगा, सगळे दात जागेवर आहेत. हा पंच प्यायचा असतो, मोठ्या भांड्यातून पळीने वाढतात. दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला, असे मुळात पाच जिन्नस. म्हणून हे नाव आपल्याकडच्या 'पाच'वरूनच पडलं असं मानतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या खलाशांनी सतराव्या शतकात ते इकडे आणलं. म्हणजे आपल्या पंचवटीचं नातं थेट या भांड्याशी! (तुमच्या माळेची शपथ, माझ्या पेल्यात नुसता फळांचा रस होता.)

ठोशाचा पंच मात्र वेगळ्या घराण्यातला. टोचणं, छाप उठवणं अशा अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दातून तो आला, आणि भोक पाडायचा पंच त्याचाच सख्खा. तेव्हा आबा, बॉक्सर आणि एसटीचे कंडक्टर भाऊबंद निघाले. त्र्यंबकच्या गाडीत तुम्ही दांड्यावर पंच टकटकवत 'सुट्टे काढा' म्हणायचात, तेव्हा गर्दी कशी चिडीचूप व्हायची!

तिसरा पंच म्हणजे लाकडी बाहुला. इथे कोव्हेंट गार्डनच्या चर्चवर पाटी आहे: रोजनिशीकार सॅम्युअल पीप्सने १६६२ साली इथेच त्याचा बाहुल्यांचा खेळ पाहिला. इटलीतल्या पुल्चिनेल्ला या विदूषकाचं हे इंग्रजी रूप, नाकाड्या आणि कुबड्या. बायको जुडीला काठीने बदडतो, पोलिसालाही सोडत नाही. पोरं खदखदून हसतात. मला काही हसू येईना, पण पोलिसाच्या वेळी आलं. १८४१ साली निघालेल्या विनोदी साप्ताहिकाने याचंच नाव घेतलं, आणि व्यंगचित्राला 'कार्टून' म्हणायची रीतही १८४३ पासून त्याच्याच पानांतून रुळली. शिवाय सफोक पंच नावाचे नांगराचे घोडे आहेत, ते राहू द्या.

आपला 'पंचनामा' मी ऑफिसातल्या एका इंग्रजाला ऐकवला. त्याला वाटलं, कुणी किती ठोसे खाल्ले त्याची पोलिसी यादी!

एक विचारायचं राहूनच गेलं होतं. तुमचा तो पंच निवृत्त होताना डेपोत जमा करावा लागला, की पेटीत कुठे आहे? असला तर फोटो पाठवायला ताईला सांगा. आजीला नमस्कार.

तुमचा,
बाळू