बिरूला काय सांगू?

कोल्हापूर, रविवार दुपार

प्रिय दिल्या,

आपला बिरू धनगर बकरी, म्हणजे सगळी मेंढरं, विकायला निघालाय. फोनवर सांगितलं असतं तर ‘बरं झालं, सुटला’ म्हणून तू मोकळा झाला असतास, म्हणून लिहितोय. बाकी माझा गुडघा तसाच, आक्काचं बीपी तसंच.

त्याचा वाडा, म्हणजे कळप आणि बिऱ्हाड, सध्या आपल्या खालच्या रानात बसलाय. पावसाळ्यात जतकडं होता, तिथं लांडग्यानं कोकरं उचलली. किती, ते विचारलं नाही. धनगराला आकडा विचारू नये हे त्याच्या बानं तुला काठी दाखवून शिकवलं होतं, मी शेजारीच उभा होतो. भरपाईचा नियम आहे, मेंढीमागं बाजारभावाच्या 75 टक्के, जास्तीत जास्त 15,000. पण पंचनाम्याला मेलेलं जनावर दाखवावं लागतं आणि लांडगा कोकरू अख्खं नेतो, पावती ठेवत नाही. साहेब येईस्तोवर वाडा पुढच्या गावाला गेलेला असतो.

गंमत म्हणजे बिरूचा लांडग्यावर राग नाही. ‘त्येचा वाटा त्यो नेतोय,’ म्हणाला. तुमच्या कोथरूडात 2020 ला गवा शिरला तेव्हा सगळं गाव मोबाईल घेऊन त्याच्यामागं पळालं आणि तो बिचारा मेला. इथं हा माणूस कळपाभोवती वाघर, म्हणजे जाळी, लावून, कुत्री सोडून रातभर जागतो आणि वर वाटा म्हणतो. राग आहे तो माळाचं जे झालंय त्यावर. कुठं चर खणून गिरिपुष्पाची झाडं लावलीत आणि आत जायला बंदी, कुठं म्हैसाळ योजनेचं पाणी आलं आणि द्राक्षं लागली. माळ म्हणजे पडीक जमीन, असंच सगळे धरून चाललेत. तिथं लांडगा, खोकड, माळढोक यांचं घर होतं, हे कागदावर कुठं दिसत नाही. लोकरीला तर कातरायची मजुरीसुद्धा सुटत नाही. म्हणजे सगळा वाडा आता मटणावर उभा आहे, आपल्या रविवारवर.

आणि नेमकं तेच सईनं सोडलंय. सुट्टीला आली, पांढरा रस्सा पुढं आला आणि ताट सरकवलं. आक्का तिसऱ्या दिवसापर्यंत तिच्याशी बोलली नाही. जगातल्या हरितवायूंपैकी 14.5 टक्के जनावरं पाळण्यातनं येतात, हा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न संघटनेचा 2013 चा हिशेब तिनं माझ्या तोंडावर मारला. मी म्हटलं, ॲमेझॉनचं जंगल तोडून पोसलेला बैल आणि बिरूचं धाटं-पाला खाणारं बकरं एकाच पोत्यात घालू नकोस. ती म्हणाली, रवंथ करणारं कुठलंही जनावर मिथेन सोडतंच, आणि चरून हळू वाढणारं किलोमागं जास्तच सोडतं. हे खरं आहे. मला आवडलं नाही, पण खरं आहे. मग मी विचारलं, बिरूची बकरी गेली तर त्या माळाचं काय होईल? शेतात बकरी बसायची बंद झाली की लेंडीखताच्या जागी युरियाच ना? यावर मात्र गप्प झाली. मग तिनंच यलोस्टोनचं सांगितलं. 1995 ला कॅनडातनं लांडगे आणून सोडले, आणि तिथल्या गुरंवाल्यांची भरपाई एका खासगी संस्थेनं देणग्या गोळा करून दिली. लांडगा हवा असणाऱ्यानंच खिशात हात घालायचा.

तेव्हापासनं डोक्यात एकच चाललंय. आपण चार-पाच घरांनी पालवं, म्हणजे कोवळं बकरं, थेट बिरूकडनंच घ्यायचं. दर रविवारी नाही, महिन्यातनं एकदा. पण चढ्या दरानं, लांडग्याचा वाटा धरून. पिंट्या म्हणाला, ‘लांडग्याचं बिल आमच्या गळ्यात का?’ 2019 च्या मटण दरवाढीविरुद्धच्या आंदोलनात तू घसा बसेपर्यंत घोषणा दिल्यास, त्यामुळं तुझं उत्तर काय येणार माहीत आहे. त्या वेळीही मी हेच म्हणत होतो की खाटकाशी भांडून धनगराला काय मिळणार, आणि तू मला खाटकाचा जावई म्हणाला होतास. विसरलेलो नाही.

पण खरी अडचण पैशाची नाहीच. बिरूच्या पोराला गोकुळ शिरगावात काम मिळतंय. चालत्या वाड्यावर मुलगी द्यायला कोण तयार नाही. हेड्यानं, म्हणजे जनावरांच्या दलालानं, सगळ्या कळपाचा दर सांगितलाय. आणि मी, पंख्याखाली बसून, त्याला सांगणार की लांडग्यासाठी, माळासाठी आणि माझ्या तांबड्या रश्श्यासाठी तू आणखी दहा वर्षं उन्हात चाल? 2026 साल संयुक्त राष्ट्रांनी गवताळ माळ आणि पशुपालकांचं म्हणून जाहीर केलंय, तेही सांगून बघितलं. तो म्हणाला, ‘मग त्येनला म्हणावं, या, राखायला.’

मला विचारायला आला कारण त्याच्या बानं आपल्या दोघांना वाड्यावर झोपू दिलं होतं. तुझंही नाव काढलं त्यानं. बाजारच्या दिवशी हेड्या परत येणार आहे, त्याच्या आत लिही. विक म्हणायचं असेल तर तसंच लिही, पण कारण लिही.

फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींची बदली रद्द झाली, हे आक्काकडनं कळलं. आनंद झाला. ओंकारला म्हणावं, मोटारसायकल हळू चालव.

तुझा,
बाळ्या

ता. क. घोंगडं बिरूकडनं तुझ्यासाठी घेऊन ठेवलंय. पैसे तू द्यायचेस.