खोडलेल्या एका ओळीबद्दल

ताई,

माझ्या वडिलांच्या अर्जातली शेवटून दुसरी ओळ तुम्ही खोडलीत, त्याला परवा चार महिने झाले. त्यानंतर असे कितीतरी अर्ज तुमच्या टेबलावर आले असतील, म्हणून आधी ओळख देते. नोव्हेंबरातला मंगळवार. खटाव तालुक्यातले निवृत्त प्राथमिक शिक्षक, पांढरा सदरा, टोपी, हातात दोनशेपानी वही. सोबत पुण्याहून पहाटेच्या एसटीने आलेली आणि भेटेल त्याच्यावर चिडलेली मुलगी. ती मी.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. पोलीस खात्यात कौतुकाचाही कधीकधी त्रास होतो म्हणतात.

ती वही तुम्ही पाहिलीत, म्हणून वहीबद्दल दोन शब्द. अप्पांना रोज दहा-पंधरा नको असलेले फोन यायचे. कर्ज हवंय का, क्रेडिट कार्ड मंजूर झालंय, पुण्याजवळ प्लॉट आहे, शेअरच्या टिप्सचा ग्रुप आहे. दुसरा कुणी असता तर शिव्या घालून फोन ठेवला असता. अप्पा प्रत्येक फोन उचलून "नमस्कार, बोला" म्हणायचे, समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायचे आणि मग वहीत तारीख, वेळ, नंबर लिहून पुढे शेरा मारायचे, 'कामाचा नाही'. कर्ज विकणाऱ्या एका मुलीला त्यांनी "जेवलीस का गं?" असंही विचारलं होतं. ती म्हणे दोन सेकंद गप्पच झाली.

मी काय केलं होतं? त्यांच्या नंबरवर डीएनडी, म्हणजे जाहिरातींचे फोन नकोत अशी नोंद, टाकून दिलं होतं आणि कर्तव्य पार पडलं असं समजत होते. डीएनडी मानायचं ते नियमाने धंदा करणाऱ्यांनी. चोराला कसलं डीएनडी! आणि ऑनलाइन फसवणुकीपासून सावध करणारी सरकारची ती कॉलर ट्यून, ती तर फोन लावणाऱ्याला ऐकू यायची. आम्हाला लुबाडायला फोन लावतो तो भामटा. म्हणजे सावध राहण्याचा उपदेश इतके दिवस आम्ही त्यालाच ऐकवत होतो.

झालं ते तुम्हाला माहीत आहे. आदल्या संध्याकाळी मेसेज आला, मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, विद्युत अधिकाऱ्याशी संपर्क साधा, आणि खाली एक मोबाईल नंबर. बिल भरलेलं होतं, पावती फायलीत होती. तरी अप्पा घाबरले, कारण आत आईचं नेब्युलायझर विजेवर चालतं. 'अधिकारी' फार अदबीने बोलला. एक अ‍ॅप घ्यायला लावलं, दहा रुपये भरायला लावले. अप्पांनी पिन टाकला तो त्या अ‍ॅपमुळे पलीकडे दिसत होता. दोन झटक्यांत शहाण्णव हजार पाचशे गेले. वीज अर्थातच गेली नाही. नऊ पस्तीसला अप्पा अंगणात उभे राहून शेजाऱ्यांचे दिवे बघत होते, असं आई सांगते.

आता तुमच्या आधी जे जे भेटले त्यांच्याबद्दल. बँकेच्या ग्राहक सेवेने रात्री वीस मिनिटं संगीत ऐकवलं. सकाळी बँकेत काउंटरवरच्या साहेबांनी मान वर न करता विचारलं, "पिन टाकलाच कसा?" मग मोठ्याने, मागच्या रांगेलाही ऐकू जाईल असं, "शिकलेली माणसं असं करतात तर बाकीच्यांचं काय!" रांगेत अप्पांचे दोन माजी विद्यार्थी होते. त्यानंतर साहेबांनी अर्जाचा मजकूर सांगितला आणि त्यात एक वाक्य घालायला लावलं, 'माझ्या हलगर्जीपणामुळे सदर रक्कम माझ्या खात्यातून गेली आहे.' अप्पांचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

आणि मी म्हणाले, "लिहा अप्पा, खोटं आहे का ते?"

हे पत्र लिहायला चार महिने का लागले, ते या एका वाक्यात आहे. बँकेतल्या साहेबांवर चिडणं सोपं आहे. पण आदल्या रात्री फोनवर "अहो अप्पा, पिन कुणी देतं का?" असं पहिल्यांदा विचारणारी मीच होते. आई, भाऊ, चुलते, सगळ्यांनी तेच विचारलं. मग एक चौकी. तिथे म्हणाले, ऑनलाइनचं आमच्याकडे नाही, ठाण्यात जा. तिथवर अप्पा नुसतेच मान हलवायला लागले होते.

तुमच्या टेबलापाशी आलो तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. तुमचा डबा उघडा होता, पोळीचा तुकडा हातात होता. तुम्ही डबा झाकलात, हात पुसलात आणि म्हणालात, "बसा न गुरुजी." ते ऐकून मला कळलं की तुम्ही आमच्याकडच्या नाही, वऱ्हाडाकडच्या. गुरुजी आहेत हे टोपीवरून ओळखलंत की वहीवरून, कोण जाणे. पहिला प्रश्न विचारलात, "किती वाजता गेले पैसे?" आणि दुसरा, "घरी कोण आहे आता, आई एकट्याच आहेत का?" तिसरा प्रश्न आता येईल म्हणून मी दात आवळून बसले होते. तो आलाच नाही. पिन कसा दिला हे तुम्ही अखेरपर्यंत विचारलं नाहीत.

तुम्ही स्वतः १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावलात, खात्याचे तपशील भराभरा सांगितलेत, तक्रारीचा नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून दिलात. बाकी सोपस्कार मला आठवतही नाहीत. पैसे गेल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत त्या नंबरवर फोन झाला तर पुढच्या खात्यात पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते, हे मला त्या दिवशी कळलं. बँकेतल्या साहेबांना ते माहीत असणार. त्यांनी १९३० हा आकडा उच्चारलाही नव्हता.

मग तुम्ही बँकेला दिलेल्या अर्जाची दुसरी प्रत वाचायला घेतलीत. त्यावरून बोट फिरवत शेवटच्या ओळींपाशी आलात आणि थांबलात.

"हे काऊन लिहिलं गुरुजी?"

अप्पा म्हणाले, "बँकेत सांगितलं."

"पिन टाकला ते वर लिहिलंच आहे तुम्ही. ते खरं आहे, राहू द्या. पण चूक कोणाची ते तपासात निघल न. तुमच्यासंगं काय झालं, तेवढंच लिहा."

आणि तुम्ही खणातून पट्टी काढलीत. स्टीलची, सहा इंची. ती ओळीखाली धरून एक सरळ रेघ मारलीत, खाडाखोड म्हणून बाजूला अप्पांची सही घेतलीत, वरच्या मोकळ्या जागेत त्यांच्याकडून लिहून घेतलंत, 'अज्ञात इसमाने वीज अधिकारी असल्याचे भासवून माझी फसवणूक केली.' वर म्हणालात, बँकेला नवीन अर्ज द्या, हाच मजकूर, पोच घ्या.

नंतर मी शोधून वाचलं. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली एक परिपत्रक काढलं होतं. ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे पैसे गेले असतील, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, असं त्यात होतं. परिपत्रकातला तोच शब्द बँकेला आमच्याच हस्ताक्षरात का हवा होता, ते तेव्हा उलगडलं. साहेब मुद्दाम वागले असं मी म्हणत नाही, कदाचित त्यांची सवयच असेल तशी. पण सवय कुणाच्या फायद्याची आहे ते बघायला हवं होतं, आणि ते मी बघितलं नाही, तुम्ही बघितलंत.

मला मात्र कायद्यापेक्षा ती पट्टी आठवते. अप्पांनी चौतीस वर्षं पोरांच्या वह्यांत लाल पेनाने चुका खोडल्या. त्यांची स्वतःची ओळ कुणी खोडलेली मी पहिल्यांदाच बघत होते, आणि ते खुर्चीत जरा सरळ झाले. परतीच्या एसटीत बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. पुसेसावळी मागे पडल्यावर म्हणाले, "त्या वाक्यात चोरच नव्हता गं. बघ ना, 'माझ्या हलगर्जीपणामुळे रक्कम गेली.' गेली म्हणे! कुणी नेलीच नाही? मी चौथीला शिकवत होतो, कर्ता कोण ते आधी शोधा. आणि स्वतः लिहिताना विसरलो." कालपासून ते पहिल्यांदाच तीन वाक्यं सलग बोलले होते.

त्यांच्या वहीचं शेवटचं पान तुम्ही लिहिलंत, तेही सांगते. मोठ्या अक्षरात, चष्म्याशिवाय वाचता येईल असं. १४० ने सुरू होणारा नंबर म्हणजे जाहिरात. बँक आणि विम्याच्या खऱ्या फोनसाठी १६०० चे नंबर ठरवलेत. महावितरणचा मेसेज त्यांच्या नावाने येतो, कुणाच्या दहा आकडी मोबाईलवरून नाही. नको असलेल्या फोनची तक्रार १९०९ वर. पैसे गेले तर १९३०. मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाशेवटी पी असेल तर जाहिरात, एस असेल तर सेवा, टी व्यवहाराचा, जी सरकारी. हा शेवटचा भाग अप्पांना इतका आवडला की आता ते पारावर मित्रांचे मोबाईल घेऊन मेसेजची अंत्याक्षरं ओळखायला लावतात. प्रत्यय शिकवावेत तसे. ज्यांचं चुकतं त्यांना परत विचारतात.

पैसे सगळे मिळाले नाहीत. एका खात्यात एक्केचाळीस हजार अडकून राहिले होते, ते कोर्टाच्या आदेशाने फेब्रुवारीत परत आले. बाकीचे गेले ते गेले. मला त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. अप्पा आता फोन उचलून "नमस्कार, बोला" म्हणत नाहीत. "कोण?" म्हणतात. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने आयुष्यभराची रीत सोडावी इतकं या भामट्यांनी केलं. त्यांचा सगळा धंदा अशा नमस्कारांवरच तर चालतो, समोरचा आपलं ऐकून घेईल या भरवशावर. उद्धट माणसाला फसवायला वेळ लागतो. आई म्हणते, होईल हळूहळू. परवा गॅसवाल्याचा फोन आला तेव्हा "कोण?" नंतर जरा थांबून "बरं, बोला" म्हणाले. अर्धं तरी परत आलं.

आणि डिसेंबरातल्या त्या फोनबद्दल माफी. तुम्ही ड्यूटी संपल्यावर, घरी जाताना, स्वतःच्या मोबाईलवरून फोन केलात, पैसे अडवले गेलेत हे सांगायला. दहा आकडी अनोळखी नंबर. तुम्ही म्हणालात, गुरुजी, मी ठाण्यातून बोलते, तुमच्या पैशांचं काम झालंय. अप्पांनी तुमचं पुढचं ऐकूनच घेतलं नाही. म्हणाले, "असं सगळेच म्हणतात. ठाण्याच्या नंबरवरून फोन करा," आणि कट केला. तुम्ही हसलात म्हणे, आईला ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ठाण्याच्या लँडलाइनवरून फोन आला.

तो नंबर वहीत आहे. तारीख, वेळ, आणि पुढे अप्पांचा शेरा, 'कामाचा'. अख्ख्या वहीत तो शेरा एकदाच आहे, मी पानं उलटून बघितली.

तुमची,
गुरुजींची मुलगी