प्रबंध आहेत, पण सापडत नाहीत

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्राच्या योजनेवरील लेख आपल्या दैनिकात वाचला. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये या योजनेला मान्यता दिली, २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये ठेवले आणि ३० प्रकाशकांची जवळजवळ १३,००० संशोधनपर नियतकालिके सरकारी शिक्षणसंस्थांना उपलब्ध झाली. दरवर्षी मार्चअखेरीस नियतकालिकांच्या यादीला कात्री लावताना ज्याने प्राध्यापकांची बोलणी खाल्ली, त्या माझ्यासारख्या निवृत्त ग्रंथपालाला याचा आनंदच आहे. खासगी महाविद्यालये पहिल्या टप्प्यात बाहेर राहिली, ही खंत आहेच. परंतु या योजनेमुळे ‘ज्ञान खुले झाले’ हा लेखाचा सूर मला पटला नाही. विदर्भात जे संशोधन मराठीतून झाले आहे, ते इथल्याच वाचकाला सापडत नाही, आणि त्याचे कारण वर्गणी हे नव्हे.

सेवेत असताना गडचिरोलीकडची एक विद्यार्थिनी गोटुलविषयी, म्हणजे गोंड समाजातील युवागृहाविषयी, संदर्भ शोधायला आमच्या ग्रंथालयात आली होती. संगणकावर तिने देवनागरीत ‘गोटुल’ टंकले, तर काहीच आले नाही. मग आम्ही रोमन लिपीत तोच शब्द चार वेगवेगळ्या स्पेलिंगांनी टाकून पाहिला, तेव्हा कुठे एक मराठी प्रबंध हाती लागला. त्याचे शीर्षक रोमन अक्षरांत नोंदवलेले होते. फाइल उघडली तर पानावर मराठी स्वच्छ दिसत होते. पण मजकूर युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांना समजणारी अक्षरांची समान सांकेतिक पद्धत, येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेला असल्याने एक ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवली, की इंग्रजी अक्षरे, कंस आणि टक्केचिन्हे उमटत. संगणकाच्या लेखी त्या तीनशे पानांत मराठीचा एकही शब्द नव्हता.

त्याच विद्यार्थिनीला इंग्रजीत मात्र ब्रिटिश अधिकारी रसेल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचा १९१६ सालचा ग्रंथ पहिल्या झटक्यात मिळाला. त्याचे चारही खंड आज इंटरनेटवर मोफत आहेत. त्यासाठी ज्यांनी अपार माहिती जमवली, त्या रायबहादूर हिरालाल यांचे नाव शीर्षकपानावर ‘साहाय्यक’ म्हणून येते. तो ग्रंथ वाचू नये, असे मी मुळीच म्हणणार नाही. पण गोंड समाजाविषयी शोधणाऱ्या मुलीला शंभर वर्षांपूर्वीच्या गोऱ्या अधिकाऱ्याचे वर्णन आधी भेटावे आणि तिच्याच भागातील संशोधकाचे मराठी लेखन चार स्पेलिंगांनंतर भेटावे, याला वासाहतिक वारसा म्हणायचे नाही तर काय?

हा वारसा फडताळांवरही दिसतो. आमची बहुतेक ग्रंथालये १८७६ साली अमेरिकेत निघालेल्या, पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीवर चालतात. तिच्यात धर्म या विषयाला २०० ते २९९ हे आकडे आहेत. त्यांतले २२० ते २८९ परंपरेने ख्रिस्ती धर्माकडे आणि जगातले बाकीचे सगळे धर्म २९० मध्ये दाटीवाटीने. दीक्षाभूमीच्या या शहरात बौद्ध धर्मावरील पुस्तकांचा संग्रह मोठा असणारच. त्या सगळ्यांना २९४.३ च्या पुढे दशांश वाढवत जावे लागते आणि क्रमांक इतका लांबतो, की पातळ पुस्तिकेच्या पाठीवर चिठ्ठी मावत नाही. आम्ही ती मुखपृष्ठावर चिकटवत असू. इंग्रजी कादंबरी ८२३ वर सुटते, मराठीला ८९१.४६३ लागतात. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३३ मध्ये पुस्तकांसाठी स्वतंत्र द्विबिंदू (कोलन) वर्गीकरण दिले, त्याचा आपण परीक्षेपुरता अभ्यास केला. आता लाखो पुस्तकांचे क्रमांक बदलणे व्यवहार्य नाही, हे मलाही कळते.

प्रबंधांचे मात्र तसे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक केले आणि ‘शोधगंगा’ हे प्रबंधांचे ऑनलाइन भांडार उभे राहिले, हे मोठेच काम झाले. त्यात विदर्भातील विद्यापीठांनी एका परिपत्रकाची भर घालावी: मराठी प्रबंधाची फाइल युनिकोडमध्येच स्वीकारली जाईल, शीर्षक देवनागरीतही नोंदवले जाईल आणि संशोधकाने दहा शोधशब्द स्वतः द्यावेत, ज्यांत बोलीतले आणि गोंडी, कोलामी, कोरकू भाषांतले शब्दही असतील. गुलाबी बोंडअळीवरचे काम कीटकाच्या लॅटिन नावाखाली गाडले गेले, तर यवतमाळच्या कृषी सेवा केंद्रात बसलेल्या पदवीधर मुलाला ते दिसणार कसे?

जुन्या प्रबंधांचे काम किचकट आहे, कारण त्यांतले कित्येक केवळ टंकलिखित प्रतींच्या रूपात, कपाटांत आहेत. स्कॅनिंगला निधी लागेल. पण निदान शीर्षके, सारांश आणि शोधशब्द देवनागरीत टंकून ठेवायला लागतात ती माणसे. मी आणि माझे तीन निवृत्त सहकारी आठवड्यातून दोन दिवस हे काम विनामोबदला करायला तयार आहोत. एखाद्या ग्रंथालयाने टेबल, संगणक आणि कपाटाची किल्ली दिली, तर सोमवारपासून सुरुवात करू.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल, नागपूर