आडव्या बाटलीसाठी अख्खं गाव एकत्र ठेवणाऱ्या ताईंना

ताई,

स. न. वि. वि.

देशी दारूचं दुकान बंद झाल्याची बातमी छापून आली. तीत बचत गट होते, भजनी मंडळ होतं, सरपंच होते. तुमचं नाव नव्हतं, आणि ते तुम्हीच येऊ दिलं नाहीत. या कामातल्या आम्ही सगळ्या संघटनांनी मिळून तुमचे जाहीर आभार मानायचं ठरवलं, म्हणून हे पत्र. शेजारच्या गावांचे अर्ज अजून पडताळणीत आहेत, त्यामुळे गाव-तालुक्याचा उल्लेख टाळतोय. तुमचं नावही घालत नाही. पण तुम्ही काय केलंत ते नीट लिहायला हवं. बाहेरच्यांना मतदानाचा दिवस तेवढा दिसतो.

आधी तुमचाच आवडता हिशेब. २००८ च्या शासन आदेशानुसार गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के जणींनी सह्यांनिशी मागणी करायची. सह्यांची पडताळणी झाली की गुप्त मतदान लागतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान बंद व्हायचं तर यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. मतदान किती झालं याला इथे अर्थ नाही. यादीत १,२०० नावं असतील तर सह्या ३०० आणि मतं ६०१. आमदार निवडून यायलासुद्धा एवढी कडक अट नाही. आजारी बाई, माहेरी गेलेली बाई, नवऱ्याच्या धाकाने घरात बसलेली बाई, वारली तरी नाव न कमी झालेली आजी, या सगळ्या जणी उभ्या बाटलीच्या खात्यात जमा होतात.

हा आकडा तुम्ही पहिल्याच बैठकीत फळ्यावर लिहिलात आणि त्याखाली वस्तीवार महिला मतदार मांडलेत. गावठाण, बौद्धवाडा, मोहल्ला, तांडा, मळ्यातली घरं. सर्वात मोठ्या वस्तीतली झाडून सगळी मतं पडली तरी निम्मा आकडा गाठला जात नाही, हे कुणी भाषण न करता सगळ्यांना दिसलं. एकजुटीचं आवाहन सगळेच करतात. तुम्ही वजाबाकी करून दाखवलीत, आणि मग विचारलंत, “आज या खोलीत कोण नाही?”

सह्यांच्या आधी मतदार यादी, हा तुमचा आग्रह सुरुवातीला कुणालाच पटला नव्हता. लोकांना मोर्चा हवा होता. तुम्ही बीएलओला, म्हणजे मतदार यादी सांभाळणाऱ्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला, गाठून यादी वाचायला बसवलीत. मयत आणि कायमचं गाव सोडून गेलेल्यांसाठी नमुना ७, यादीत नसलेल्या सुनांसाठी नमुना ६, दुसऱ्या गावच्या यादीत नाव अडकलेल्यांसाठी नमुना ८. कंटाळवाणं काम, पण मयताचं प्रत्येक नाव कमी झालं की लक्ष्य खाली येतं. १,२०० पैकी ८० नावं कमी झाली तर ६०१ ऐवजी ५६१ मतं पुरतात. ही चाळीस मतं कोणत्याही सभेने मिळाली नसती.

ऊसतोडीचंही तसंच. दिवाळीनंतर तांड्यावरची आणि मळ्यातली निम्मी घरं कारखान्यांवर जातात, ती परततात मार्च-एप्रिलमध्ये. मतदान जानेवारीत लागलं असतं तर आम्ही मोजणीआधीच हरलो होतो. म्हणून मागणीच्या अर्जासोबतच तुम्ही हंगामाचं पत्र जोडलंत, कोणत्या वस्तीतल्या किती महिला कोणत्या काळात गावाबाहेर असतात त्याच्या तक्त्यासह. अर्ज दाखल झाल्यावर तारखेसाठी रडारड करणारी गावं आम्ही पाहिली आहेत. तोवर कार्यालयातलं वेळापत्रक ठरून गेलेलं असतं.

आता त्या वहीबद्दल. खरं तर हे पत्र त्या वहीसाठीच आहे.

आघाडी बांधायची म्हटली की जो तो आपण काय करणार ते सांगतो. तुम्ही प्रत्येक संघटनेकडे वेगवेगळं जाऊन उलटं विचारलंत: तुम्ही काय करणार नाही? कोणती गोष्ट झाली तर उठून जाल? उत्तरं त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवलीत, खाली सही घेतलीत. बौद्धवाड्यातल्या महिला मंडळाने सांगितलं, देवळाच्या सभामंडपात बैठक असेल तर येणार नाही. भजनी मंडळाचं म्हणणं, कुठल्या पक्षाचा झेंडा दिसला तर आम्ही नाही. मोहल्ल्यातल्या बायका म्हणाल्या, रात्रीची बैठक नको आणि फोटो नको. शेतमजूर संघटनेने बजावलं, दारू पिणाऱ्याला गाढवावर बसवणं, खांबाला बांधणं असलं काही झालं तर त्याच दिवशी बाहेर. अंगणवाडी सेविका आणि आशा ताईंनी स्पष्ट केलं, आम्ही मत देऊ, घरोघरची माहिती सांगू, पण पत्रकावर नाव टाकू नका, मानधनावर गदा येईल.

तांड्यावरून आलेला नकार सर्वात अवघड होता. तिथल्या एकट्या राहणाऱ्या दोघी-तिघी हातभट्टीवर पोट भरतात. तुमची मोहीम शेवटी आमच्याच झोपडीवर येणार, परवानावाल्याच्या दुकानाला कुणी हात लावणार नाही, असं त्या म्हणाल्या. भीती रास्त होती. अनेक गावांत असंच झालेलं आहे: परवानाधारक कोर्टात वकील उभा करतो आणि दारूबंदी कायद्याच्या कलम ६५ (ई) खाली अवैध दारूविक्रीचा गुन्हा दाखल होतो तो वस्तीतल्या बाईवर. तुम्ही हा मुद्दा मोठ्या बैठकीत मांडलात, गावठाणातल्या लोकांना तो ऐकवलात, आणि ठराव करून घेतलात की मतदान होईपर्यंत मोहिमेची मागणी एकाच सीएल-३ परवान्यापुरती, म्हणजे देशी दारूच्या त्या दुकानापुरती, राहील आणि हातभट्टीवाल्या बायांना आधी बचत गटातून शेळ्यांसाठी कर्ज मिळेल, मग बंदीची भाषा. त्या ठरावानंतर तांडा आला. त्याशिवाय निम्म्याहून जास्त मतांचा आकडा जुळत नव्हता.

ही एकाच मागणीची शिस्त महाराष्ट्राला नवी नाही. फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली, तेव्हा प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन अशी एरवी एकमेकांवर तुटून पडणारी माणसं मुंबईसह महाराष्ट्र या एका मागणीवर एकत्र बसली. आणि राज्य मिळाल्यावर ती फार काळ एकत्र राहिली नाही. या दुसऱ्या भागाकडे लोक दुर्लक्ष करतात, तुम्ही केलं नाहीत. त्याबद्दल पुढे लिहितो.

पैशाबद्दल थोडक्यात. खातं संयुक्त, सह्या दोन वेगळ्या संघटनांच्या, इच्छुक उमेदवाराकडून रुपयाही नाही, आणि खर्चाचा कागद दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. झेरॉक्स, रिक्षा, चहा यापलीकडे खर्च नव्हताच, तरीही तो कागद लागत राहिला. पैसे खाल्ल्याची अफवा पसरवणं हा दुकानदाराच्या माणसांचा हमखास डाव असतो, आणि तो कागद नसेल तिथेच चालतो.

सह्यांच्या वेळी तुम्ही २५ टक्क्यांवर थांबू दिलं नाहीत, ४० टक्क्यांपर्यंत नेलंत. पडताळणीला बायकांना पुन्हा बोलावलं जातं. काही येत नाहीत, काहींची सही आधीच्या सहीशी जुळत नाही, काही दबावाने “मी केलीच नाही” म्हणतात. ३०० वर थांबलेला अर्ज तिथे २७० वर येऊन बाद होतो. प्रत्येक सहीपुढे यादीतला अनुक्रमांक, अंगठा असेल तर शेजारी साक्षीदाराचं नाव, आणि नाव यादीत जसं छापलंय तसंच, मग ते चुकीचं छापलेलं का असेना. “सुमन” असताना यादीत “सुमण” असेल तर “सुमण”. यावरून किती जणी तुमच्याशी भांडल्या! पडताळणीत मात्र त्यातली एकही सही गळली नाही.

बैठकांच्या अधेमधे तुम्ही जे फिरत राहिलात, ते कुठल्याच इतिवृत्तात नाही. बैठकीत गप्प बसलेल्या माणसाच्या घरी दुसऱ्या दिवशी जायचं, हा तुमचा नेम होता. भजनी मंडळातल्या एकाने कीर्तनात मांसाहारावर टीका केली, तेव्हा मोहल्ला आणि बौद्धवाडा दोन्हीकडे चुळबुळ सुरू झाली. तुम्ही ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाहीत. वही घेऊन मंडळाकडे गेलात, त्यांची स्वतःची अट दाखवलीत, आणि तेवढ्याच अधिकाराने इतरांचीही अट आहे हे समजावलंत. पुढच्या कीर्तनात विषय फक्त दारूचा राहिला. सगळ्यांसमोर माफी मागायला लावली असती तर मंडळ गेलं असतं. तुम्ही गप्प बसला असतात तर बाकीचे गेले असते.

दुकानावर दगड पडायची वेळ आली त्या संध्याकाळीही तुम्ही पोरांना वहीचंच पान दाखवलंत. एक दगड, की गुन्हा, की जामीन, की सह्या केलेल्या बायकांच्या घरी भीती. परवानाधारकाला तेवढंच हवं असतं.

मतदानाआधीच्या सरावाचं श्रेय तर संपूर्ण तुमचं. दारूला विरोध असलेल्या बायकांनाही बाटलीच्या चित्रावर शिक्का मारायचाय हे चटकन पटत नाही. कुणी उभ्या बाटलीवर मारतं, कारण “तिलाच तर पाडायचंय”. कुणी दोन्हींवर मारतं. तुम्ही साध्या कागदावर दोन चित्रं काढून, शिक्क्याच्या जागी भेंडीचा तुकडा शाईत बुडवून, प्रत्येक वस्तीत बायकांकडून करून घेतलंत. पहिल्या दिवशी बऱ्याच चिठ्ठ्या चुकल्या, म्हणून पुन्हा घेतलात. आणि मतदानाच्या दिवशी दर पंचवीस घरांमागे एक बाई, तिच्या हातात त्या घरांची यादी, मत देऊन आलेल्या नावावर खूण. दुपारी खूण नसलेल्या दारांवरच जायचं ठरलं होतं. बाकी धावपळ तुम्ही होऊ दिली नाहीत.

आणि आता तो दुसरा भाग. निकाल लागला त्याच संध्याकाळी गुलालाआधी तुम्ही पुढच्या बैठकीची तारीख सांगितलीत. दुकान बंद होतं, पिणारे तिथेच असतात. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की हात थरथरतात, झटके येऊ शकतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. तुम्ही ग्रामीण रुग्णालयाला आधीच पत्र दिलं होतंत आणि अशा घरांची यादी आशा ताईंकडे ठेवली होतीत. लोकांनी “बेवड्यांची कसली काळजी” म्हटलं तरी तुम्ही ऐकलं नाहीत. त्या घरांतल्या बायकांनीच तर आडवी बाटली जिंकवली होती.

दर आठवडी बाजाराच्या दिवशीची बैठक अजून चालू आहे. विषय बदललेत: हद्दीवरच्या ढाब्यावर चोरून होणारी विक्री, वारंवार पकडल्या जाणाऱ्यांकडून दारूबंदी कायद्याच्या कलम ९३ प्रमाणे पुन्हा गुन्हा न करण्याचं बंधपत्र घेण्याचा पाठपुरावा, शेळ्यांच्या कर्जाचे हप्ते. दोन संघटना बाहेर पडल्या, भांडण न होता, कारण कुठपर्यंत सोबत राहणार तेही त्यांनी वहीत लिहिलेलं होतं.

शेजारच्या गावांना त्या वहीची नक्कल हवी आहे. सह्या आणि नावं झाकून, प्रत्येक संघटनेला विचारून ती द्यायची, असं गेल्या बैठकीत ठरलं. भजनी मंडळाने होकार दिलाय, तांड्यावरून अजून यायचाय. तुमचा होकार या पत्राच्या उत्तरात कळवा.

तुमचे ऋणी,
मोहिमेतल्या सर्व संघटना